घरासकट आलेले पाहुणे

इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यात ब्राउन्स्टन आणि स्टोक ब्रुअर्न अशी दोन गावे आहेत. मोटारीने गेले तर पाऊण तासाची वाट. कालव्याने जायचे तर वीसेक मैल, तेरा लॉक आणि दोन लांबलचक बोगदे. कालव्यावरची माणसे वेळेचा हिशेब सोप्या रीतीने करतात: मैल आणि लॉक यांची बेरीज करायची, तिला तीनने भागायचे, येतील तितके तास. म्हणजे हे अंतर अकरा तासांचे झाले. लेकीकडे रविवारी दुपारी जेवायला पोचायचे असेल, तर बोटीवर राहणारे आजी-आजोबा शुक्रवारी सकाळीच दोर सोडतात.

आणि पोचतात तेव्हा त्यांचे घर त्यांच्याबरोबर आलेले असते. बिछाना, किटली, कपड्यांचे कपाट, कुत्रा, अर्धे वाचून ठेवलेले पुस्तक, सगळे. लेकीला पाहुण्यांसाठी खोली आवरावी लागत नाही. रात्रीची जेवणे उरकली की पाहुणे कंदील घेऊन आपल्या घरी जातात. ते घर गावाबाहेरच्या पुलाखाली पाण्यात बांधून ठेवलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवंडे तिथे न्याहारीला येतात आणि कालचे यजमान आजचे पाहुणे होतात. कोणी कोणाकडे उतरले आहे, याचा हिशेबच उरत नाही. नात्यागोत्यात जाण्यायेण्याच्या ज्या काही रीती आहेत त्यांत ही रीत विलक्षण आहे. तिच्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा कष्टाचा आहे.

मराठी वाचकाला कालवा म्हटला की नीरेचा किंवा मुठेचा कालवा आठवतो. तो धरणातून निघतो, उतार धरून वाहतो आणि शेवटी उसाच्या सरीत जिरतो. इंग्लंडचे हे कालवे शेतीसाठी नव्हते, ते मालवाहतुकीचे रस्ते होते. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते. चढ आला की कालवा पायऱ्या घेतो, आणि एकेक पायरी म्हणजे एकेक लॉक: दगडी हौद, त्याला दोन्ही टोकांना भक्कम लाकडी दरवाजे. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा उघडून वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी वीस टनांची बोट अलगद वर येते. उतरताना उलट क्रम. एका लॉकला दहा-पंधरा मिनिटे जातात आणि अरुंद लॉक असला तरी दर खेपेला लाखभर लिटरहून जास्त पाणी खाली जाते.

या जाळ्याची सुरुवात १७६१ मध्ये झाली. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी कालवा उघडला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्या कामावरचा अभियंता जेम्स ब्रिंडली. पुढे मध्य इंग्लंडचे कालवे आखताना त्याने लॉकची रुंदी सुमारे सात फूट आणि लांबी सत्तर फुटांवर थोडी धरली. पाणी वाचावे, बोगद्यांचा खर्च आटोक्यात राहावा, हा त्यामागचा विचार. त्या एका निर्णयाने तिथल्या बोटींचा आकार कायमचा ठरला. नॅरोबोट, म्हणजे ही अरुंद बोट, आजही सहा फूट दहा इंच रुंद असते. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाऊ शकते. आतून ती रेल्वेच्या डब्यातल्या बोळासारखी. सहा पाहुणे जेवायला आले तर समोरासमोर बसता येत नाही, ओळीनेच बसावे लागते.

अशा बोटीवर माणसे राहायला आली ती हौसेने नव्हे. सुरुवातीच्या काळात बोटवाल्यांची घरे काठावर असत. पुरुष बोटीवर जात, बायकामुले गावी राहत. १८३० नंतर रेल्वे पसरू लागली. स्पर्धेत टिकण्यासाठी कालव्याचे वाहतुकीचे दर पाडावे लागले आणि ती कपात शेवटी बोटवाल्याच्या मजुरीवर येऊन पडली. हाताखालचा गडी परवडेना. मग बायको सुकाणूवर उभी राहिली, पोरगा काठावरून बोट ओढणाऱ्या घोड्यामागे चालू लागला आणि काठावरच्या घराचे भाडे वाचवण्यासाठी घरच सोडून दिले गेले. कुटुंबच्या कुटुंब बोटीच्या मागच्या टोकाला दहा फुटांच्या केबिनीत आले. चूल, पलंग, कपाट, पाळणा, सगळे तेवढ्यात. बाकीची पन्नास-साठ फूट जागा मालाची, कारण पैसे मालाच्या टनांवर मिळत.

जॉर्ज स्मिथ नावाच्या समाजसुधारकाने १८७५ मध्ये या लोकांच्या हालअपेष्टांवर पुस्तक लिहिले आणि सरकारमागे लकडा लावला. त्यातून १८७७ चा कॅनॉल बोट्स कायदा आला. बोटींची घर म्हणून नोंद होऊ लागली आणि केबिनीत किती माणसांनी झोपावे यावर मर्यादा आली. त्या नोंदवह्यांचा आज अनपेक्षित उपयोग होतो. बोटवाल्यांचे वंशज आपले पणजोबा-पणजी शोधतात तेव्हा त्यांना हीच कागदपत्रे चाळावी लागतात. एका आईची पाच मुले पाच वेगवेगळ्या गावांत जन्मलेली असतात: एक कोव्हेंट्रीजवळ, एक लंडनला, एक मधेच कुठल्या लॉकपाशी. जन्म झाला त्या दिवशी बोट जिथे होती, ते जन्मगाव.

या लोकांचे नातेवाईक काठावर उरलेच नाहीत. सगे, सोयरे, व्याही, सगळे बोटींवरचेच, कारण लग्ने आपसातच जुळत. आणि सगळे सतत हलत असत. आज बहीण लंडनकडे कोळसा घेऊन निघालेली, भाऊ बर्मिंगहॅमकडे लोखंड घेऊन. दोन बोटी समोरासमोर आल्या की काही क्षण शेजारून जात. तेवढ्यात आई कशी आहे, कोणाला मूल झाले, कोण आजारी आहे, एवढे ओरडून सांगायचे आणि पुढे जायचे. थांबणे परवडत नव्हते. मागची बोट पुढे गेली तर पुढचा लॉक तिला तयार मिळणार आणि आपल्याला तो पुन्हा रिकामा करून घ्यावा लागणार.

निवांत भेट व्हायची ती सक्तीच्या थांब्यावर. माल मिळेपर्यंत बोटी जिथे रांगेने ताटकळत, ती ठिकाणे या समाजाची माहेरे होती. कोव्हेंट्रीच्या उत्तरेला हॉक्सबरी जंक्शन हे त्यांतले एक. बोटवाले त्याला सटन स्टॉप म्हणत, तिथल्या लॉकवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या सटन कुटुंबावरून. तिथली ग्रेहाउंड खानावळ अजून उभी आहे. दुसरे ठिकाण लंडनच्या पश्चिमेला बुल्स ब्रिज. ग्रँड युनियन कालव्याच्या मुख्य मार्गापासून पॅडिंग्टनची शाखा इथे फुटते. ग्रँड युनियन कॅनॉल कॅरीइंग कंपनीचे आगार इथेच होते. एक इंजिनाची बोट आणि तिच्यामागे ओढली जाणारी दुसरी, अशा जोड्या इथे काठाला टेकून हुकमाची वाट पाहत. कामाशिवाय मजुरी नव्हती, म्हणून ते दिवस ओढगस्तीचे. पण धुणी धुणे, केस कापणे, लग्नाची बोलणी करणे, नव्या बाळाला मावशीच्या मांडीवर ठेवणे, हे सगळे त्याच दिवसांत होई. जे दिवस कमाईचे नव्हते तेवढेच नात्यांचे होते. ही व्यवस्था सुंदर होती असे कोणी म्हणू नये. पण त्या माणसांनी तिच्यातून जे उभे केले ते सुंदर होते.

मुलांच्या शिक्षणाचे हाल होते. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या मुलाला कोणती शाळा घेणार? १९३० च्या दशकात लंडनच्या पश्चिम भागात एल्सडेल नावाच्या बार्जवरच शाळा भरवली गेली. बोट थांबेल तेवढे दिवस मुलांनी तिथे बसायचे. पुढे १९५० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या एर्डिंग्टन भागात बोटवाल्यांच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. तेव्हा प्रथमच असे झाले की आईबाप बोटीने मुलांना भेटायला जाऊ लागले.

या समाजाला काठावर एक घर हक्काचे होते आणि तेही स्टोक ब्रुअर्नलाच. सिस्टर मेरी वॉर्ड ही परिचारिका वरच्या लॉकशेजारी राहत असे. जखमा, ताप, बाळंतपणे, काहीही असो, बोट तिच्या दाराशी लागायची. सुरुवातीला तिने खर्च स्वतःच्या पदरचा केला, नंतर कालव्याच्या कंपनीने तिला नेमणूक दिली. १९५१ मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले आणि १९६२ पर्यंत तिचे काम चालू होते. त्याच गावात आज कालव्याचे संग्रहालय आहे.

आहेर कसले द्यायचे, याचीही रीत होती. लेस्टरशरमध्ये अॅशबी कालव्यावर मिशॅम हे गाव लागते. तिथल्या दुकानात चिनी मातीची किटली सांगून ठेवायची. तपकिरी, चकचकीत, वर उठावाची रंगीत फुले, झाकणावर आणखी एक छोटी किटली, आणि मधल्या पट्टीवर जोडप्याचे नाव किंवा शुभेच्छेचे शब्द. पुढच्या फेरीत परतताना ती घ्यायची. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही केबिनीत आपले नाव कोरलेली अशी किटली मानाने ठेवलेली असे. आज या किटल्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावरची नावे वाचताना एवढे लक्षात ठेवावे की दहा फुटांच्या घरात शोभेच्या वस्तूसाठी जागा काढणे म्हणजे काहीतरी दुसरे उपयोगाचे बाहेर ठेवणे.

दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा शहरातल्या तरुणींना बोटी चालवायला शिकवले गेले. त्यांच्या बिल्ल्यावर आयडब्ल्यू ही अक्षरे होती, म्हणून त्यांना पुढे ‘आयडल विमेन’ म्हटले जाऊ लागले, जरी त्या अजिबात रिकाम्या नव्हत्या. तिघींच्या जबाबदारीवर दोन बोटी आणि पन्नास टन माल. लंडनहून बर्मिंगहॅमला जायचे, परतताना कोव्हेंट्रीच्या खाणींचा कोळसा भरायचा. एक फेरी साधारण तीन आठवड्यांची. त्यांतल्या एमा स्मिथने १९४८ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले.

१ जानेवारी १९४८ रोजी कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी इतके गोठले की बोटी आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. तोवर ट्रकने बराच माल पळवला होता; उरलेला तेव्हा गेला. १९६३ मध्ये सरकारी मंडळाने आपली बहुतेक नॅरोबोट वाहतूक बंद केली. अॅथरस्टोनहून साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणारी खेप तेवढी तग धरून राहिली, ती १९७० च्या ऑक्टोबरात थांबली. कुटुंबे नगरपालिकेच्या घरांत गेली. बोटीने हिंडताना जो भाऊ महिन्यातून एकदा समोरून जाताना तरी दिसायचा, तो आता पन्नास मैलांवरच्या चाळीत स्थिर झाला आणि बसचे तिकीट काढल्याशिवाय दिसेना. स्थिर घर मिळाले आणि नाती विखुरली, ही या गोष्टीतली खरी हानी आहे. मालवाहतूक संपल्याचा शोक पुष्कळांनी केला, या दुसऱ्या हानीबद्दल फार कमी लिहिले गेले.

ब्राउन्स्टनचे ऑल सेंट्स चर्च टेकडीवर आहे, त्याचा उंच मनोरा कालव्यावरून दुरून दिसतो. बोटवाल्यांची लग्ने, बारशी, अंत्यविधी इथे होत. त्या गावात दर जून महिन्यात जुन्या मालवाहू बोटींचा मेळावा भरतो. बोटी दोन-दोन करून जाताना काठावर उभी असलेली म्हातारी माणसे ‘ही आमच्या आईची बोट’ असे नातवाला बोट दाखवून सांगतात.

आज या पाण्यावर दुसरीच वस्ती आहे. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था जुलै २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे दोन हजार मैलांच्या जलमार्गांची देखभाल करते. त्यावर ३५ हजारांहून अधिक परवानाधारक बोटी आहेत. काही सुट्टीच्या, काही भाड्याच्या, आणि हजारो अशा की त्या म्हणजेच मालकांचे घर. निवृत्तीनंतर राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन बोट घेतलेली जोडपी आहेत; लंडनचे घरभाडे परवडत नाही म्हणून पाण्यावर आलेले तरुण आहेत; पिढ्यान्‌पिढ्यांचा बोटीवरचा संसार पुढे नेणारे थोडे लोक आहेत. १९४४ मध्ये एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आले आणि हौशी माणसांचे कालव्याकडे लक्ष गेले. १९३९ मध्ये पत्नीसह ‘क्रेसी’ या बोटीवर राहायला जाऊन त्यांनी जो प्रवास केला, त्यावर ते आधारलेले होते. पुढे १९७६ च्या सुमारास दोन लहान मुलांना घेऊन सुट्टीपुरते कालव्यावर गेलेले टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे नट दांपत्य जन्मभर कालव्याचे झाले. २०१४ पासून चॅनल फोरवर त्यांची प्रवासमालिका लागली. प्रुनेलाबाईंची स्मृती हळूहळू ओसरत होती आणि तरी सुकाणूजवळच्या जागेवर त्या निश्चिंत दिसत. ही मालिका लाखो प्रेक्षकांना जवळची वाटली त्याचे मोठे कारण हे.

ज्यांनी बोट बांधायची कायमची जागा घेतलेली नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. हिंडत राहणे हीच परवान्याची अट. नातेवाइकांच्या दृष्टीने याचे अर्थ पुष्कळ निघतात. आजारी आईजवळ महिनाभर राहायचे असेल तर बोटवाल्याला तशी विनंती करावी लागते. पत्ता नसल्यामुळे बँकेची पत्रे, दवाखान्याचे निरोप बहुधा भावाच्या नाही तर मुलीच्या घरी येतात. मतदानासाठी मात्र पक्के घर नसलेल्या माणसाला स्थानिक संबंधाचे प्रतिज्ञापत्र देऊन नाव नोंदवता येते. बोटवाले नातेवाइकांकडे येतात तेव्हा हातात धुण्याची पिशवी असते, आणि परतताना इस्त्रीच्या कपड्यांवर महिनाभराचे टपाल असते. गरम पाण्याने भरलेल्या टबात तासभर पडून राहता येणे, ही त्या दिवसातली सर्वांत मोठी मेजवानी; बोटीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहून अंघोळ उरकायची सवय लागलेली असते.

उलट दिशेने, म्हणजे नातेवाईक बोटीवर येतात तो दिवस बघायचा असेल तर पॅडिंग्टनची शाखाच घ्यावी. साडेतेरा मैल, एकही लॉक नाही. १० जुलै १८०१ रोजी ती उघडली आणि लगेच तिच्यावर पॅडिंग्टन ते अक्सब्रिज अशा उतारूंच्या बोटी धावू लागल्या. म्हणजे या पाण्यावरून माणसे पाव्हणी म्हणून जाऊ लागली त्याला सव्वादोनशे वर्षे झाली.

सकाळी बुल्स ब्रिजला बोट बांधलेली असते. पत्ता विचारला तर पुलाचा क्रमांक सांगतात. कालव्यावरच्या बहुतेक पुलांना क्रमांकाच्या पाट्या असतात आणि मेहुणीला स्टेशनवरून चालत यायला एवढी खूण पुरते. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून साउथॉल किंवा हेज स्टेशनला उतरणे सोपे झाले आहे. जुन्या आगाराच्या जागी आता मोठे सुपरमार्केट आहे. बोटवाल्यांची पोरे जिथे पाणी भरत होती तिथे गाड्या उभ्या असतात. साउथॉल आज पंजाबी गाव आहे. हॅवलॉक रोडवरच्या, २००३ मध्ये उघडलेल्या गुरुद्वाराचा सोनेरी घुमट दुरून चमकतो.

पाहुणे चढले की पहिला अर्धा तास सूचनांचा. डोके सांभाळा, पुलाखालून जाताना हात आत घ्या, दोर पायात अडकू देऊ नका. लहान मुलांना जाकिटे. मग गलबला शांत होतो आणि बोट चालू लागते. वेगमर्यादा ताशी चार मैल; काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तीही कमी करायची, नाहीतर आपल्या लाटेने दुसऱ्याच्या फळीवरची भांडी पडतात. या वेगाचा परिणाम बोलण्यावर होतो. मोटारीत शेजारी बसलेली माणसे समोर बघत बोलतात. इथे सुकाणू धरून उभा असलेला बाप आणि त्याच्याजवळ पायरीवर बसलेला मुलगा पाच तास एकमेकांपासून दूर जाऊ शकत नाहीत आणि त्यांना करण्यासारखे दुसरे काही नसते. जी गोष्ट सणाच्या जेवणावर निघाली असती तर भांडण झाले असते, ती इथे नॉर्टहोल्ट ते ग्रीनफर्डच्या दरम्यान मोकळी होऊन संपते.

दुपारी हॉर्सेनडेन टेकडीपाशी बोट थांबवायची. काठावर लोखंडी खुंट ठोकून दोर बांधायचे, कुत्र्याला सोडायचे, ताटे हातात घेऊन गवतावर बसायचे. पुढे अॅल्पर्टन. इथे कालवा ईलिंग रोडखालून जातो. दुकाने गुजराती, भाजीत कारली आणि गवार, थोड्या अंतरावर श्री वल्लभनिधी मंदिर. पिकाडिली लाइनचे स्टेशन जवळ असल्याने उशिरा येणारे इथे चढतात आणि फरसाणाची पुडकी घेऊन येतात. त्यानंतर या मार्गावरचा सर्वांत अद्‍भुत प्रकार: नॉर्थ सर्क्युलर रोडवरून कालवा पुलाने जातो. खाली सहा पदरी रस्त्यावर गाड्या धावत असतात आणि वर पाण्यातून बोट शांतपणे ओलांडते. मुले या क्षणासाठी छताशी टेकून उभी असतात.

मग पार्क रॉयलचे कारखाने, केन्सल ग्रीनची दफनभूमी, ट्रेलिक टॉवर, आणि शेवटी लिटल व्हेनिस. दोन कालवे मिळतात त्या रुंद पाण्यावर बोट वळते. निरोपाचा चहा होतो आणि ज्यांची मोटार सकाळी बुल्स ब्रिजला राहिली ते ती आणायला निघतात.

लॉकच्या मार्गावर असा दिवस असता तर पाहुण्यांना याहून जास्त काम असते. झडपा उघडण्याची लोखंडी किल्ली पाहुण्याच्या हातात देणे, हा इथला पाहुणचार आहे. ब्राउन्स्टनच्या सहा लॉकवर मावशी, जावई, शाळकरी पोर, सगळे दरवाज्यांच्या लांब तुळयांना पाठ लावून रेटत असतात. तिथले लॉक रुंद आहेत, दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात. तेव्हा अनोळखी बोटवाल्याचे पाहुणेही आपल्या पाहुण्यांत मिसळतात. बसून राहिलेल्या पाहुण्यापेक्षा कामाला लागलेला पाहुणा लवकर घरचा होतो. या एका गोष्टीत कालव्यावरची माणसे आपल्या सर्वांच्या पुढे आहेत.

बेत मात्र नेहमी तडीला जात नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी कालव्याचे तुकडे बंद ठेवतात. नाताळला कोणाकडे असायचे हे त्या वेळापत्रकावरून ठरते. २०२५ च्या उन्हाळ्यात जलाशय इतके खाली गेले की लीड्स अँड लिव्हरपूल, ट्रेंट अँड मर्सी, ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियनचे लांबच्या लांब भाग बंद करावे लागले. भेटीला निघालेल्या बोटी आठवडेच्या आठवडे जिथल्या तिथे अडकल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या भिंती, दरवाजे आणि बंधारे सांभाळायला पैसा लागतो. सरकारने २०२७ ते २०३७ या दहा वर्षांसाठी जे अनुदान जाहीर केले ते चाळीस कोटी पौंडांच्या घरात आहे. महागाई धरता ही मोठी कपात आहे. एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर अधिभार लागला आणि तो टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. पैसा उभारायचा हे खरे, पण ज्यांना दुसरे घर नाही त्यांच्यावर तो आधी बसवणे योग्य नाही. कालव्यावर राहणारी माणसे गेली तर कालवा कोणाच्या नजरेखाली राहणार?

लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि ब्रिटनमध्ये आज क्वचितच असे मोठे शहर असेल जिथे कोणाची पुतणी किंवा भाचा नाही. त्यांच्याकडे जाणारे आईवडील, काका-काकू बकिंगहॅम राजवाडा, मादाम तुसाँ, एडिंबरा असे पाहून परततात. ज्यांचा जायचा बेत आहे त्यांना एवढे सुचवावेसे वाटते: एक दिवस राखून ठेवा आणि कालव्यावर दिवसभरासाठी बोट भाड्याने घ्या. ती चालवायला कुठला परवाना लागत नाही, बोटवाले निघण्यापूर्वी शिकवतात आणि एका बोटीत आठ-दहा माणसे सहज मावतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला. डबा घरून न्या, आणि सुकाणू भाच्याच्या हातात द्या.